जगाची वीजनीती आणि संत्र्याची बाग

(काटोल येथे शेतकरी, शिक्षक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जगातील निरनिराळ्या देशांची वीजनिर्मितीची धोरणे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. काटोलसारख्या तालुक्याच्या गावी फ्रान्स आणि ब्राझीलच्या विजेची चर्चा कशासाठी, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाचे उत्तर आपल्या बागेतच आहे.

आंबिया बहार घेणारा बागायतदार डिसेंबरात पाणी तोडून झाडांना ताण देतो. जानेवारीत पाणी सुरू करून तो ताण मोडतो. फुलोरा येतो, फळ धरते आणि मग खऱ्या परीक्षेचे दिवस सुरू होतात. एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात ओलिताची एक पाळी चुकली तर कोवळे फळ गळून पडते आणि वर्षाची मेहनत मातीमोल होते. विहिरीत पाणी आहे, मोटरपंप आहे, पण लाईन नाही, ही अवस्था या भागातील शेतकऱ्याला नवीन नाही. लाईन येते ती रात्री येते आणि अंधारात, साप-विंचवाचे व रानडुकरांचे भय पत्करून, त्याला वावरात जावे लागते.

ही लाईन कोठून येते? ती कशापासून तयार व्हावी, कोणत्या वेळी कोणाला मिळावी आणि तिचा खर्च कोणी सोसावा, हे ज्या निर्णयांनी ठरते त्यांनाच वीजधोरण म्हणतात. असे निर्णय जगातील प्रत्येक देशाला घ्यावे लागले आहेत. काहींनी ते दूरदृष्टीने घेतले, काहींना ठेच लागल्यावर शहाणपण आले. त्या अनुभवांची ओळख करून घेतली, तर आपल्या दारी आलेल्या योजनांकडे अधिक जाणतेपणाने पाहता येईल.

तेलाने दिलेला धडा

आधुनिक वीजधोरणांचा इतिहास सांगताना १९७३ या वर्षापासून सुरुवात करणे सोयीचे आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध पेटले, अरब तेलउत्पादक राष्ट्रांनी तेलाच्या पुरवठ्यावर निर्बंध घातले आणि काही महिन्यांतच खनिज तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. स्वस्त तेलावर भरभराट झालेल्या युरोपीय देशांच्या पायाखालची वाळू सरकली.

डेन्मार्क या चिमुकल्या देशाची ऊर्जेची नव्वद टक्क्यांहून अधिक गरज त्या वेळी आयात तेलावर भागत असे. तेथे रविवारी खासगी मोटारी रस्त्यावर आणण्यास बंदी घालावी लागली. पुढे त्या देशाने विचारपूर्वक वेगळा मार्ग धरला. वीजकेंद्रात वाया जाणारी उष्णता नळांवाटे घरोघरी पोहोचवून थंडीत घरे उबदार ठेवण्याची व्यवस्था वाढवली. १९८५ मध्ये तेथील संसदेने अणुवीज न स्वीकारण्याचा निर्णय घेतला आणि देशाने वाऱ्याकडे लक्ष वळवले. येथे उपस्थित शिक्षक व विद्यार्थ्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे की, त्विंड या ठिकाणी शाळेतील शिक्षक, विद्यार्थी व स्वयंसेवक यांनी स्वतः राबून एक प्रचंड पवनचक्की उभारली आणि ती १९७८ मध्ये फिरू लागली. पुढे १९९१ मध्ये जगातील पहिले समुद्रातील पवनवीज केंद्र डेन्मार्कनेच उभारले. राजधानी कोपनहेगनजवळच्या समुद्रात २००० साली उभ्या राहिलेल्या २० पवनचक्क्यांपैकी निम्म्यांची मालकी हजारो नागरिकांच्या सहकारी संस्थेकडे होती. आज त्या देशात निर्माण होणाऱ्या विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून मिळते.

फ्रान्सपुढेही तोच प्रश्न होता, परंतु त्याने निराळे उत्तर शोधले. मार्च १९७४ मध्ये पंतप्रधान मेस्मेर यांच्या सरकारने अणुवीज केंद्रांचा विराट कार्यक्रम जाहीर केला. पुढील पंधरा-वीस वर्षांत तेथे पन्नासहून अधिक अणुभट्ट्या उभ्या राहिल्या आणि देशाची सुमारे दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश वीज अणुशक्तीपासून मिळू लागली.

भारताने त्याच सुमारास आपल्या भूमीतील कोळशावर भर दिला. १९७३ मध्ये बिगर-कोकिंग कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि लगेच १९७४ मध्ये आपल्या नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. एकाच संकटाला तीन देशांनी दिलेली ही तीन उत्तरे आहेत. ज्याच्या पदरी जे होते आणि ज्याला ज्याची भीती वाटत होती, त्यातून ज्याचे त्याचे धोरण घडले. म्हणून दुसऱ्याचे धोरण जसेच्या तसे उचलून आपल्याकडे आणणे क्वचितच हिताचे ठरते.

एका खांबावरचे घर

मात्र सर्व देशांच्या अनुभवातून एक गोष्ट सारखी दिसून येते. ज्या देशाने एकाच साधनावर फार भार टाकला, त्याला केव्हा ना केव्हा त्याची किंमत मोजावी लागली.

ब्राझील हा महानद्यांचा देश. पराना नदीवरील इताइपू येथे ब्राझील आणि पॅराग्वे यांनी मिळून बांधलेला १४,००० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प जगातील सर्वांत मोठ्या प्रकल्पांत मोडतो. तेथील बहुतेक वीज पाण्यापासून मिळत असे. ती वीज स्वस्त होती, तिला धूर नव्हता. परंतु पाऊस अपुरा पडला, जलाशय आटले आणि २००१ मध्ये सरकारला विजेचे रेशनिंग लागू करावे लागले. घरोघरी वापर वीस टक्क्यांनी कमी करण्यास सांगण्यात आले. जनतेने ते निष्ठेने पाळले म्हणून मोठा अनर्थ टळला.

दक्षिण आफ्रिका देशाची ऐंशी टक्क्यांहून अधिक वीज कोळशावर अवलंबून होती. कोळशाला तोटा नव्हता. परंतु वीजकेंद्रे जुनी झाली, देखभालीकडे व नव्या उभारणीकडे वेळीच लक्ष दिले गेले नाही, आणि २००७-०८ पासून तेथे ‘लोडशेडिंग’ हा शब्द घरोघरी पोहोचला. २०२३ मध्ये तर वर्षातील बहुतेक दिवस तेथील नागरिकांना पाळीपाळीने अंधारात बसावे लागले.

जर्मनीने सूर्य आणि वारा यांच्या विजेला २००० सालच्या कायद्याने मोठे उत्तेजन दिले. मार्च २०११ मधील जपानच्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर तिने अणुवीज केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले आणि १५ एप्रिल २०२३ रोजी शेवटची तीन केंद्रे बंद केली. परंतु मधल्या काळात तिचा नैसर्गिक वायूचा निम्म्याहून अधिक पुरवठा एकट्या रशियाकडून होऊ लागला होता. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले, वायू महाग व दुर्मीळ झाला आणि बाजूला ठेवलेली कोळशाची काही केंद्रे पुन्हा पेटवावी लागली. याच वर्षी फ्रान्समधील अनेक अणुभट्ट्या नळांना लागलेल्या गंजाच्या तपासणीसाठी बंद होत्या, उन्हाळ्यात नद्यांचे पाणी घटले व तापले, आणि एरवी शेजाऱ्यांना वीज विकणाऱ्या फ्रान्सवर वीज विकत घेण्याची वेळ आली.

म्हणजे पाणी वाईट, कोळसा वाईट किंवा अणुशक्ती वाईट, असा निष्कर्ष यातून निघत नाही. घर एका खांबावर उभे करू नये, एवढाच त्याचा अर्थ आहे. केनियासारखा आफ्रिकेतील देश आज आपली जवळजवळ निम्मी वीज भूगर्भातील उष्णतेपासून मिळवतो. तिच्या जोडीला त्याने जलविद्युत, वारा व सूर्य ही साधने ठेवली आहेत. साधने थोडी असली तरी ती वाटून वापरता येतात, हे त्यावरून दिसते.

महाराष्ट्राने काय केले

या कसोटीवर आपले राज्य कोठे आहे, ते पाहू. महाराष्ट्रातील मोठ्या वीजनिर्मितीचा आरंभ पाण्यापासून झाला. लोणावळ्याच्या परिसरातील जलाशयांचे पाणी घाटाखाली उतरवून १९१५ मध्ये टाटांचे खोपोली येथील वीजगृह सुरू झाले आणि त्या विजेवर मुंबईच्या कापड गिरण्या चालू लागल्या. त्यामागोमाग १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा येथील वीजगृहे आली.

भिरा वीजगृहासाठी मुळशी येथे धरण बांधले गेले. त्यात मावळातील शेतकऱ्यांच्या भाताच्या जमिनी बुडाल्या. १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तेथे झालेला सत्याग्रह मोठ्या धरणाविरुद्ध झालेल्या जगातील आरंभीच्या लढ्यांपैकी एक होय. वीज एका ठिकाणी वापरली जाते आणि तिची किंमत दुसऱ्याच ठिकाणचा माणूस मोजतो, हे सत्य मुळशीने शंभर वर्षांपूर्वी जगासमोर मांडले.

स्वातंत्र्यानंतर कोयना प्रकल्प झाला. १९६२ पासून त्याची वीज मिळू लागली. पुढे टप्प्याटप्प्याने त्याची क्षमता १,९६० मेगावॅटपर्यंत गेली. १९९९ व २०१२ मध्ये तेथे जलाशयाच्या तळाला आतून छिद्र पाडून पाणी बोगद्यात घेण्याचा अवघड प्रयोग यशस्वी झाला. संध्याकाळी घरोघरी दिवे लागले आणि विजेची मागणी एकाएकी वाढली की काही मिनिटांत कोयनेची यंत्रे तो भार उचलतात. परंतु कोयनेचे पाणी पश्चिमेकडे वळून अखेर समुद्राला मिळते. पूर्वेकडील शेतीलाही ते हवे आहे. म्हणून कृष्णा पाणीतंटा लवादाने त्यावर वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. पाण्यापासून हवी तितकी वीज करता येत नाही, ती याचमुळे.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि खेडोपाडी तारा पोहोचू लागल्या. १९६९ मध्ये तारापूर येथे देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. साताऱ्याजवळील वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर आणि धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेल येथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या. साखर कारखाने उसाच्या चिपाडापासून वीज निर्माण करू लागले. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांसाठी महानिर्मिती, महापारेषण व महावितरण या स्वतंत्र कंपन्या झाल्या.

या वाटचालीत एक मोठा धडाही मिळाला. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळचा एन्रॉन प्रकल्प परदेशी भांडवलावर आणि आयात इंधनावर बेतला होता. त्याचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. नाफ्थ्याची किंमत वाढली, रुपयाचा दर घसरला, विजेचा भाव राज्याला परवडेनासा झाला आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षी माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या व्यवहाराची चिकित्सा केली. वीज कोठे तयार होते याबरोबर तिचे इंधन कोणाच्या हाती आहे, हेही पाहावे लागते, हा या प्रकरणाचा बोध. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने जे प्रदीर्घ भारनियमन सोसले, ते आपण विसरलेलो नाही.

कोळसा आणि विदर्भ

महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भार आजही कोळशावर आहे आणि तो कोळसा जाळण्याचे काम प्रामुख्याने विदर्भ करतो. कोराडी, खापरखेडा, मौदा, चंद्रपूर ही नावे आपल्या परिचयाची आहेत. एकट्या चंद्रपूर केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. आपल्या शेजारच्या सावनेर तालुक्यात कोळशाच्या खाणी आहेत.

कोळशाची गोष्ट आपल्या पंपाच्या हिशेबात मांडून पाहू. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण ४ युनिट वीज घेतो. आठ तास ओलित केले तर ३२ युनिट झाली. आपल्याकडील कोळशापासून एक युनिट वीज तयार करण्यास सुमारे ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे एका दिवसाच्या ओलितामागे सुमारे २० किलो कोळसा जळाला. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण बरेच असल्याने त्यातून सात-आठ किलो राख निघाली. तारांतून येताना होणारी गळती यात धरलेली नाही. ही राख आपल्या बागेत पडत नाही. ती वीजकेंद्रांभोवतीच्या गावांत, राखेच्या तलावांत साठते. मुळशीच्या शेतकऱ्याची जी कथा, तीच वेगळ्या रूपात चंद्रपूर-कोराडीच्या रहिवाशाची आहे.

जगात काय चालले आहे? ज्या इंग्लंडने १८८२ मध्ये लंडनमध्ये कोळशावरील पहिले सार्वजनिक वीजकेंद्र सुरू केले, त्याच देशाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपले कोळशावरील शेवटचे केंद्र बंद केले. परंतु जगातील सुमारे एक-तृतीयांश वीज अजूनही कोळशापासूनच तयार होते. चीन जगातील निम्म्याहून अधिक कोळसा जाळतो आणि त्याच चीनने २०२४ या एका वर्षात सुमारे २७७ गिगावॅट, म्हणजे २ लाख ७७ हजार मेगावॅट क्षमतेची सौर वीजकेंद्रे उभारली. भारतात जून २०२५ मध्ये वीजनिर्मितीच्या एकूण स्थापित क्षमतेत कोळसा, तेल व वायू सोडून इतर साधनांचा वाटा निम्म्यावर गेला. हे उद्दिष्ट २०३० साठी ठरवले होते. मात्र क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत अंतर असते. रात्री सूर्य नसतो, वारा रोज सारखा वाहत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा २०२४-२५ मध्येही सत्तर टक्क्यांहून अधिक होता. कोळसा उद्याच जाणार नाही. परंतु ज्या कामासाठी त्याची गरज नाही, त्या कामासाठी तो जाळणे शहाणपणाचे नाही.

सूर्य आणि ओलित

असे काम कोणते? माझ्या मते शेतीचे ओलित हे त्यांतील पहिले काम होय. शहराला वीज संध्याकाळी हवी असते, तेव्हा सूर्य मावळलेला असतो. ती वीज साठवून ठेवण्यासाठी बॅटऱ्या लागतात किंवा घाटघरसारखे उदंचन प्रकल्प लागतात. अकोले तालुक्यातील घाटघर येथे मागणी कमी असताना खालच्या जलाशयाचे पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज घेतात. शेतकऱ्याला एवढा खटाटोप करावा लागत नाही. त्याला वीज साठवायची नसून पाणी द्यायचे असते. ज्या एप्रिल-मे महिन्यांत संत्र्याला पाण्याची निकड असते, त्याच महिन्यांत सूर्य सर्वाधिक तळपतो. पावसाळ्यात आभाळ भरून येते तेव्हा ओलिताची गरजही उतरते. सूर्य आणि बाग यांचे वेळापत्रक निसर्गानेच जुळवून ठेवले आहे.

किमतीचा प्रश्नही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. २०१० च्या सुमारास आपल्या देशात सौर विजेचा दर युनिटला १० रुपयांहून अधिक होता. २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथील प्रकल्पाच्या लिलावात तो २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरला. याच वर्षी महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ मध्ये तिचे ‘२.०’ हे विस्तारित रूप जाहीर केले. गावाजवळच्या उपकेंद्रालगत सौर प्रकल्प उभारावयाचा, त्याची वीज थेट शेतीच्या वाहिनीवर सोडावयाची आणि शेतकऱ्याला दिवसा वीज द्यावयाची, अशी ही योजना आहे. प्रकल्पासाठी जमीन भाड्याने देणाऱ्याला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये आणि त्यावर दरसाल तीन टक्के वाढ, असे तिचे सूत्र आहे. पडीक जमिनीच्या मालकांनी याचा अवश्य विचार करावा.

दुसरा मार्ग स्वतंत्र सौर पंपाचा आहे. केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये सुरू झाली. राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना २०२४ मध्ये आली. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरावयाची असते. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्याहून अधिक जमिनीला साडेसात अश्वशक्तीचा पंप, असे तिचे प्रमाण आहे. पाच वर्षांच्या दुरुस्तीची व विम्याची तरतूद तीत केलेली आहे. याखेरीज साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या पाच वर्षांसाठी मोफत वीज देण्याचा निर्णय झाला. राज्यातील सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांशी त्याचा संबंध आहे.

खरा कस पाण्याचा

येथपर्यंतचे चित्र उत्साहवर्धक आहे. परंतु बंधुभगिनींनो, आजच्या व्याख्यानातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट यापुढेच आहे.

रात्रीच्या अनियमित विजेने शेतकऱ्याला छळले खरे, पण त्याच विजेने नकळत एक लगामही घातला होता. लाईन असे तेवढाच वेळ उपसा होई. आता सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पंप चालू शकेल, बिल येणार नाही, कोळशाची चिंता नाही. मग पंप बंद करण्याचे कारण काय? कारण एकच आहे, आणि ते विहिरीच्या तळाशी आहे.

पंजाबात १९९७ पासून शेतीला मोफत वीज मिळू लागली. भाताचे पीक वाढले, देशाची कोठारे भरली आणि भूजलाची पातळी वर्षानुवर्षे खाली जात राहिली. पंजाबची भूमी तरी गाळाची, खोलवर पाणी धरणारी आहे. आपण काळ्या पाषाणावर बसलो आहोत. बेसाल्टच्या भेगांत आणि मुरमाच्या थरात जेवढे पाणी मुरते, तेवढीच आपली पुंजी. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुका शासकीय मूल्यांकनात अतिशोषित म्हणून नोंदला गेला आहे. त्या संत्रापट्ट्यात विंधन विहिरी शेकडो फूट खोल गेल्या आणि पाण्याअभावी बागाच्या बागा वाळून तोडाव्या लागल्या. तो पट्टा आपल्यापासून दूर नाही. आपली जमीनही त्याच जातीची आहे आणि आपले पीकही तेच आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ हा २०१४ पासून अमलात आला आणि त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. परंतु प्रत्येक बांधावर पहारा कोणत्याही कायद्याला ठेवता येत नाही.

मग उपाय काय? गुजरातेतील खेडा जिल्ह्यात ढूंडी या गावी २०१५-१६ च्या सुमारास काही शेतकऱ्यांनी सौर पंपधारकांची सहकारी संस्था स्थापन केली. त्यांचे पंप विजेच्या जाळ्याला जोडण्यात आले. ओलित नसेल त्या दिवशीची वीज वितरण कंपनीला विकावयाची आणि तिचे पैसे घ्यावयाचे, असा करार झाला. परिणाम असा की, गरज नसताना पाणी उपसणे म्हणजे आपल्याच खिशातील पैसे नालीत सोडणे, हे प्रत्येकाला कळू लागले. ऊन हेही एक पीक झाले. हा प्रयोग लहान आहे, पण त्यातील विचार मोठा आहे. विजेची बचत आणि पाण्याची बचत या दोहोंना त्याने एकाच दावणीला बांधले.

सहकाराने वीज हाताळण्याचा विचार आपल्यालाही अपरिचित नाही. अमेरिकेत १९३५ च्या सुमारास दहा शेतांपैकी जेमतेम एका शेतावर वीज होती. खासगी कंपन्यांना तेथे तारा नेणे परवडत नव्हते. तेव्हा सरकारने कर्ज दिले आणि शेतकऱ्यांनी आपल्या सहकारी संस्थांमार्फत तारा ओढून घेतल्या. त्याच धर्तीवर १९६९ नंतर आपल्याकडे श्रीरामपूर-राहुरी परिसरात मुळा-प्रवरा ही ग्रामीण वीज सहकारी संस्था काम करू लागली. २०११ पर्यंत तिने वीजवितरण केले. थकबाकीच्या ओझ्याखाली ती टिकू शकली नाही. सहकाराला हिशेबाची शिस्त नसेल तर तारा आणि खांब त्याला तारू शकत नाहीत, हेही तिच्याकडून शिकावयाचे आहे.

आपण काय करावे

शासनाने काय करावे याची चर्चा पुष्कळ होते. आपल्या हाती काय आहे, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, सौर पंप घेताना ठिबक संचाचाही विचार त्याच वेळी करावा. पंपाची अश्वशक्ती शेजाऱ्याकडे पाहून न ठरवता विहिरीचा झरा पाहून ठरवावी. पट्ट्यांवर धूळ बसली की वीज घटते, म्हणून त्या नियमितपणे धुवाव्यात.

दुसरी गोष्ट, जेवढे पाणी काढतो तेवढे जमिनीत मुरविण्याची सोय गावाने करावी. नाल्यातील गाळ काढणे, बांधबंदिस्ती, विहिरीचे पुनर्भरण ही कामे आपल्याला ठाऊक आहेत. शेततळे करावयाचे तर ते पावसाच्या वाहत्या पाण्याने भरावे. विहिरीचे पाणी उपसून त्यात उघड्यावर साठवणे म्हणजे भूजल उन्हाला अर्पण करणे होय.

तिसरी गोष्ट शाळांसाठी आहे. त्विंडच्या मुलांनी पवनचक्की उभारली, आपल्या मुलांनी निदान विहिरी मोजाव्यात. दोर, वजन आणि वही एवढ्या साहित्यावर गावातील दहा-बारा विहिरींची पाणीपातळी दरमहा नोंदवता येते. दोन-तीन वर्षांची अशी नोंद ग्रामसभेत फळ्यावर मांडली, तर कोणाला उपदेश करण्याची गरज उरणार नाही. पाण्याचा ताळेबंद समोर असला की नवी विंधन विहीर खोदण्यापूर्वी माणूस दहादा विचार करतो.

चौथी गोष्ट, सौर वाहिनी योजनेसाठी जागा सुचवताना ग्रामपंचायतीने पुढाकार घ्यावा. गायरान द्यावयाचे असेल तर गुरांच्या चराईचा प्रश्न आधी सोडवावा. मुळशीचा इतिहास सौर पट्ट्यांच्या निमित्ताने लहान प्रमाणातही पुन्हा घडू नये.

समारोप

मित्रहो, फ्रान्सने अणू निवडला, डेन्मार्कने वारा निवडला, ब्राझीलने नद्यांवर भरवसा ठेवला, आपण कोळशावर उभे राहिलो. प्रत्येकाने आपापल्या परिस्थितीत जे जवळ होते ते घेतले आणि प्रत्येकाला त्याची मर्यादा पुढे कळली. आता सूर्याची पाळी आहे. त्याच्यापासून मिळणाऱ्या विजेला राख नाही, धूर नाही, तिच्यासाठी परदेशी जहाजाची वाट पाहावी लागत नाही. परंतु तिलाही मर्यादा आहे. ती आकाशात नसून आपल्या पायाखालच्या खडकात आहे. जगातील देशांनी आपल्या साधनांची मर्यादा संकट आल्यावर ओळखली. आपल्याला ती आधीच ठाऊक आहे, हे आपले भाग्य मानले पाहिजे.

दिवसा वीज मिळावी, ही या भागातील शेतकऱ्याची मागणी रास्त होती आणि ती पूर्ण होण्याच्या मार्गावर आहे. पुढच्या पिढीच्या विहिरीतही पाणी असावे, ही मागणी मात्र कोणत्याही कार्यालयात अर्ज करून मान्य होणारी नाही. ती आपली आपल्याकडेच करावयाची आहे.